कुंपण म्हणजे कुंपणच

मॅग्नस मिल्सच्या कादंबऱ्यांविषयीचे एक मत इंग्रजी समीक्षेत आता इतके रुळले आहे की नव्या पुस्तकाचे परीक्षण लिहिणारा ते तपासून पाहण्याच्या फंदात पडत नाही. हे मत मिल्सच्या शत्रूंनी पसरवलेले नाही. त्याच्या चाहत्यांनीच ते वाढवले, जोपासले. म्हणूनच ते खोडून काढणे मला अगत्याचे वाटते. निंदकांना उत्तर द्यायला पुष्कळ जण पुढे येतात. चुकीच्या कौतुकाला कोणी हरकत घेत नाही, आणि लेखक मात्र न वाचलेलाच राहतो.

आधी पूर्वपक्ष. तो जितका बळकट मांडता येईल तितका मांडतो.

मिल्सचा जन्म १९५४ चा, बर्मिंगहॅमचा. बालपण ब्रिस्टलमध्ये गेले. १९७९ ते १९८६ या काळात त्याने तारेची कुंपणे घालण्याचे काम केले, पुढे लंडनला येऊन बस चालवली. १९९८ मध्ये ‘द रिस्ट्रेंट ऑफ बीस्ट्स’ ही त्याची पहिली कादंबरी आली आणि थेट बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचली. पारितोषिक मिळाले इयन मॅक्युअनच्या ‘ॲमस्टरडॅम’ला, गाजावाजा झाला तो बसचालकाचा. थॉमस पिंचनसारख्या, लोकांसमोर कधीही न येणाऱ्या लेखकाने तिची तोंडभरून तारीफ केली. त्यानंतर कादंबऱ्या येत राहिल्या, आणि त्या सगळ्यांना मिळून एक नाव चिकटले: रूपककथा. मिल्सचा निवेदक बहुधा निनावी असतो, गावे अस्पष्ट, काळ संदिग्ध. पत्र्याच्या घरात एकटा राहणारा माणूस, नदीच्या वळणावरच्या कुरणात तंबू ठोकणारे लोक, स्वतःचेच सुटे भाग वाहून नेणाऱ्या गाड्या हे सारे दुसऱ्या कशाचे तरी चिन्ह असणार, असे गृहीत धरले गेले. कुंपण म्हणजे कोंडवाडा. पत्र्याचे घर म्हणजे श्रद्धा. कुरण म्हणजे इंग्लंडचा इतिहास. एकदा किल्ली हाती लागली की कादंबरी उघडली आणि संपलीही.

या मुख्य मताला तीन पोटमते जोडली जातात. मिल्सची भाषा सपाट आहे आणि त्यामुळे त्याच्या माणसांना अंतरंग नाही. तो एकच कादंबरी पुन्हा पुन्हा लिहितो. आणि तो काफ्काचा हलकाफुलका इंग्रज वारसदार आहे. या साऱ्यांच्या मागे एक न बोललेला भाव आहे: बसचालकाने एवढे लिहिले हेच खूप झाले.

या मताला अजिबात आधार नाही असे मी म्हणणार नाही. ‘द फील्ड ऑफ द क्लॉथ ऑफ गोल्ड’ (२०१५) हे शीर्षकच घ्या. १५२० मध्ये इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस यांची जी झगमगीत भेट झाली तिचे हे नाव. कादंबरीत एका कुरणावर एकामागून एक टोळ्या उतरतात, त्यांतली एक शिस्तीची छावणी उभारते. ते वाचताना रोमन आणि व्हायकिंग आठवतातच. आठवावेत अशीच लेखकाची इच्छा असणार. प्रश्न असा आहे की तेवढे आठवले म्हणजे कादंबरी वाचून झाली का?

रूपककथेची पहिली अडचण तर्काची आहे. आपल्या नैयायिकांनी ज्याला अतिव्याप्ती म्हटले तो दोष या वाचनात उघड दिसतो. ‘थ्री टू सी द किंग’ (२००१) मध्ये ओसाड वाळूच्या माळावर पत्र्याच्या घरांत माणसे राहतात. दूरवर मायकेल हॉकिन्स नावाचा कोणी तरी मोठे काम काढून बसला आहे अशी वार्ता येते आणि एकेक शेजारी घर मोडून, पत्रे घेऊन तिकडे जातो. हे ख्रिस्ताच्या शिष्यांचे रूपक आहे, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो साम्यवादी नेत्याचे, तिसरा म्हणतो उपनगरातल्या मध्यमवर्गाचे. तिन्ही लागू पडतात. चौथे सुचवले तर तेही पडेल. जी किल्ली प्रत्येक कुलपाला लागते ती या कुलपाविषयी काय सांगते? काहीही नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कादंबरीत पाने कशावर खर्च झाली आहेत याकडे हे वाचन बघतच नाही. त्या माळावरच्या कथेत पाने खर्च होतात ती वाऱ्यात पत्रा कसा वाजतो यावर, दारात साचणाऱ्या वाळूवर, मेरी पेट्री राहायला आल्यावर घरातली व्यवस्था कशी बदलते यावर. आणि सर्वांत जास्त खर्च होतात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हेव्यावर. निवेदक आपल्या घरात सुखी होता. कोणी तरी आपल्याहून दूर राहतो, आपल्याहून मोठे काही करतो, हे कानावर पडल्याक्षणी त्याचे सुख नासू लागते. हे कशाचे चिन्ह आहे? हे कशाचेच चिन्ह नाही. माणूस असाच असतो. मिल्सने ते इतक्या जवळून पाहिले आहे की आपल्याला ते अनोळखी वाटते.

पहिल्या कादंबरीकडे वळतो, कारण रूपकवाद्यांचा सर्वांत मोठा भरवसा तिच्यावर आहे. स्कॉटलंडमधल्या एका कंपनीचा इंग्रज मुकादम आपल्या हाताखालच्या टॅम आणि रिची या दोघांना घेऊन कुंपणे घालत फिरतो. कुंपण साधे नाही, उच्च ताणाच्या तारेचे आहे. अशा कुंपणात टोकाचे आणि कोपऱ्याचे मजबूत खांब सगळा ताण पेलतात. मधले खांब तारांतले अंतर राखण्यापुरते असतात. टोकाचा एक खांब हलला की अख्खी रांग ढिली पडते. कादंबरी सुरू होते ती अशाच ढिल्या पडलेल्या कुंपणाने. मॅक्रिंडल नावाच्या शेतकऱ्याचे कुंपण सैल झाले आहे आणि कंपनीची अब्रू पणाला लागली आहे. तिघे दुरुस्तीला जातात, तार ताणताना अपघात होतो, मॅक्रिंडल मरतो. ते त्याला तिथेच पुरतात. पोलीस नाहीत, पश्चात्ताप नाही. काम पुरे करायचे आहे, संध्याकाळी पबमध्ये जायचे आहे, आणि त्यासाठी पगारातून उचल मिळेल की नाही ही चिंता आहे.

यातले रूपक कोणते? कुंपणाचा तांत्रिक तपशील लेखक एवढ्या काळजीने का देतो? सात वर्षे ज्याने ही तार ताणली तो माणूस चिन्ह म्हणून तार ताणत नव्हता. मिल्सला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: कामाची स्वतःची एक ओढ असते आणि त्या ओढीत नीती हळूच मागे पडते. खांब सरळ आला का, रांग ओळंब्यात आहे का, उद्याचा माल आला का, या प्रश्नांची गर्दी एवढी होते की माणूस मेला हा प्रश्न रांगेत मागे उभा राहतो. शेवटाकडे ही तिकडी हॉल बंधूंच्या आवारात पोचते. या बंधूंचा धंदा कुंपणांपासून मांसापर्यंत पसरलेला. कुंपणे आता माणसापेक्षा उंच झाली आहेत आणि ती नेमक्या कोणत्या जनावरांसाठी आहेत हे कोणी विचारत नाही. वाचकाच्या अंगावर काटा येतो तो रूपक उलगडल्यामुळे नव्हे. आपणही तोपर्यंत खांबांची उंची मोजत बसलो होतो, हे लक्षात आल्यामुळे.

आणखी एक साक्ष काढतो. ‘द मेंटेनन्स ऑफ हेडवे’ (२००९) ही लंडनसारख्या एका शहरातल्या बसचालकांची कादंबरी. तिच्यात एक तत्त्व सर्वोच्च आहे: दोन बसमधले अंतर कायम राहिले पाहिजे. उशीर झाला तर क्षमा आहे. वेळेआधी पोचणे हा अक्षम्य गुन्हा. त्यासाठी निरीक्षक रस्त्यात उभे राहतात, बस थांबवतात, अर्ध्या वाटेवरून परत फिरवतात. रूपकवादी इथे नोकरशाहीचे व्यंग बघतो. पण लंडनमध्ये ज्याने बसने प्रवास केला आहे त्याने मध्येच थांबलेल्या बसमध्ये अंतर समान राखण्यासाठी थांबत असल्याची घोषणा ऐकलेली असते. जास्त फेऱ्यांच्या मार्गांवर तिथे बसचे काम मोजतात ते वेळापत्रकाने नव्हे, प्रवाशाला ठरलेल्यापेक्षा किती जादा वाट पाहावी लागली यावर. बस लवकर आली तर तिच्या मागच्या बसपर्यंतचे अंतर वाढते आणि थांब्यावरचा माणूस ताटकळतो. नियम शहाणपणाचा आहे. पण घाईत असलेला प्रवासी भरलेल्या, निघण्यास सज्ज, तरीही मुद्दाम उभ्या केलेल्या बसमध्ये बसला की तोच नियम वेडेपणाचा होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. या वस्तुस्थितीवर मिल्सला कल्पनेचा तिळभरही मुलामा द्यावा लागलेला नाही. तिला रूपक म्हणायचे तर मूळ वस्तू दाखवा. दाखवता येत नाही, कारण मूळ वस्तू समोरच आहे.

यावर प्रतिपक्ष म्हणेल: बस आणि कुंपण या त्याच्या अनुभवाच्या गोष्टी, तिथे वास्तव असणारच, बाकी ठिकाणी बसचालकाची भाबडी कल्पनाशक्ती. या भाबडेपणाच्या समजाला एक साधी नोंद पुरेशी आहे. मिल्स अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. वुल्व्हरहॅम्प्टन पॉलिटेक्निकमधून पदवी घेऊन त्याने वॉरिक विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास सुरू केला होता आणि मध्येच सोडला. हे ध्यानात घेऊन ‘द स्कीम फॉर फुल एम्प्लॉयमेंट’ (२००३) वाचा. एका योजनेत हजारो माणसांना काम मिळते. युनिव्हॅन नावाच्या गाड्या एका डेपोतून दुसऱ्या डेपोत माल नेतात, आणि तो माल म्हणजे युनिव्हॅनचेच सुटे भाग. आठ तासांचा दिवस, चांगला पगार, कोणाला काही विकायचे नाही. केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात जुन्या कोळसाखाणींत नोटांच्या बाटल्या पुरून त्या लोकांना उकरू द्याव्यात, काहीच न करण्यापेक्षा तेही बरे, असा युक्तिवाद केला होता. बेव्हरिजने १९४४ मध्ये पूर्ण रोजगारावर पुस्तक लिहिले. मिल्स कुंपणे घालत होता त्याच वर्षांत ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. या तिन्ही गोष्टी ठाऊक असलेल्या माणसाने ही कादंबरी लिहिली आहे.

प्रचलित वाचन सांगते की हे सरकारी उद्योगांच्या निरुपयोगीपणाचे व्यंग आहे. असे असते तर योजना तिच्या निरुपयोगीपणामुळे बुडायला हवी होती. ती तशी बुडत नाही. पर्यवेक्षक आठ तास भरण्याआधी सोडतो की नाही, यावरून कामगारांत दोन तट पडतात. एकाला लवकर सुटायचे आहे, दुसऱ्याला पुरा दिवस भरायचा आहे. तेढ वाढते, संप होतो, आणि जगाने हेवा करावा अशी योजना कोसळते. निवेदक पहिल्याच पानापासून तिचा शोक करतो आहे. त्या शोकात खोट नाही. उजव्या वाचकाला इथे त्याला हवे ते व्यंग मिळत नाही आणि डाव्याला हवा तो खलनायक मिळत नाही. हाती लागतात ती काही मिनिटांच्या सवलतीसाठी आपले छप्पर उखडणारी माणसे. एवढा अचूक राजकीय विचार किती गंभीर कादंबऱ्यांत आढळतो?

आता सपाट भाषेचा आक्षेप. मिल्सची वाक्ये छोटी आहेत, विशेषणे तुरळक, भावनेचा उच्चार जवळपास नाही. हे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. ‘एक्सप्लोरर्स ऑफ द न्यू सेंच्युरी’ (२००५) मध्ये दोन तुकड्या खेचरे घेऊन एका दूरच्या ठरलेल्या बिंदूकडे निघाल्या आहेत. अमुंडसेन आणि स्कॉट यांची दक्षिण ध्रुवाची शर्यत डोळ्यांपुढे येते. शांत, नोंदवहीसारख्या भाषेत सामानाची वाटणी, वारा, वाटेतला खडक, खेचरांची कटकट. बराच प्रवास झाल्यावर कळते की ही खेचरे बोलतात. ती जनावरे नाहीत, निदान आपण समजलो तशी नाहीत. आणि मोहिमेचा खरा हेतू त्यांना कायमचे कुठे तरी नेऊन सोडण्यासाठी जागा शोधणे हा आहे.

भाषा सपाट नसती तर हा आघात झाला असता का? लेखकाने एक जरी हळवे विशेषण वापरले असते तर वाचक सावध झाला असता. तो सावध झाला नाही. ‘खेचर’ म्हटल्यावर त्याने ओझे लादू दिले, मारू दिले, पुढच्या पानाकडे गेला. १४ डिसेंबर १९११ ला अमुंडसेन ध्रुवावर पोचला तेव्हा बरोबर नेलेले बहुतेक कुत्रे वाटेत मारले गेले होते, आणि ते आधीपासून ठरलेले होते. मोहिमांच्या वीरकथा वाचताना आपण ते कलम डोळ्याआड करतो. मिल्सची कोरडी भाषा आपल्याला नेमकी त्या ठिकाणी पकडते. आक्षेपकांना जिथे अंतरंगाचा अभाव दिसतो तिथे वाचकाचे अंतरंग उघडे पडलेले असते.

एकच कादंबरी पुन्हा पुन्हा, हा आरोप वस्तुस्थितीवरच टिकत नाही. वर सांगितलेली मोहिमेची कादंबरी तृतीयपुरुषी निवेदनात आहे. तिथे तो प्रसिद्ध निनावी ‘मी’ नाहीच. ‘अ क्रुएल बर्ड केम टू द नेस्ट अँड लुक्ड इन’ (२०११) मधला ‘मी’ दरबारी संगीतकार आहे, सत्तेच्या आतला माणूस. पहिल्या कादंबरीतला मुकादम सर्वांत खालच्या पायरीवरचा अधिकारी, योजनेतला चालक तिचा लाभार्थी. अधिकाराच्या शिडीवर लेखकाने जवळजवळ प्रत्येक पायरीवर उभे राहून पाहिले आहे. आवाज सारखा आहे, जागा दर वेळी वेगळी. यापुढे या आरोपावर शाई खर्च करण्याचे कारण नाही.

काफ्काचा मुद्दा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि उरलेल्या अर्ध्यात मिल्सची सारी स्वतंत्रता झाकली जाते. ‘ऑल क्वाएट ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ (१९९९) घ्या. एक तरुण इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये तंबू ठोकून राहिला आहे. हंगाम संपला आहे आणि त्याला लवकरच खुष्कीच्या मार्गाने पूर्वेकडे, भारतापर्यंत जायचे आहे. तळाचा मालक टॉमी पार्कर त्याला सहज विचारतो, जाण्याआधी एवढे फाटक रंगवून देशील का? तो देतो. मग होड्या रंगवायच्या असतात. मालकाच्या मुलीचा गृहपाठ करून द्यायचा असतो. गावच्या डार्ट्सच्या संघात एक जागा रिकामी असते. दूधवाला तळ्यात बुडून मरतो, दुधाची फेरी कोणी तरी करायला हवी. मोबदल्याचा विषय निघतो आणि लांबतो; दुकानातले खाते मात्र वाढत जाते. भारत दूर दूर जातो.

काफ्काच्या ‘द कॅसल’मध्ये भूमापक के. गावात येतो, त्याला आत घेतले जावे म्हणून धडपडतो, आणि गाव त्याला स्वीकारत नाही. मिल्सच्या माणसाला बाहेर पडायचे आहे आणि गाव त्याला स्वीकारते. काफ्काकडे दार बंद आहे. इथे ते सताड उघडे आहे. ‘द ट्रायल’च्या नायकावर आरोप आहे, इथे कोणावर काही आरोप नाही, उलट सगळे त्याच्या कामावर खूश आहेत. एकही माणूस त्याला धमकावत नाही. ज्या सत्तेला शिपाई लागतो, कचेरी लागते, शिक्का लागतो, ती काफ्काने दाखवली. प्राग शहरातल्या कामगार अपघात विमा संस्थेत चौदा वर्षे नोकरी केलेल्या माणसाला ती जवळून माहीत होती. मिल्सने दाखवलेल्या सत्तेला यातले काहीच लागत नाही. तिला विनंती पुरते, आणि नाही म्हणायला संकोचणारा भला माणूस पुरतो. हा शोध काफ्काचा नाही. तो मिल्सचा आहे, आणि रोजंदारीवर राबलेल्या माणसालाच तो लागू शकत होता.

प्रतिपक्षाच्या पदरात दोन गोष्टी घालणे न्यायाचे आहे. मिल्सच्या स्त्रिया बहुधा बाहेरून पाहिलेल्या आहेत. मेरी पेट्रीसारखा अपवाद सोडला तर त्या पुरुषांच्या तंट्यांना निमित्त होण्यापलीकडे फारशा जात नाहीत. आणि काम जिथे नाहीसे होते तिथे कादंबरी सैल पडते. कुरणावरच्या तंबूंच्या कथेला कुंपणाच्या कथेचा ताण नाही, कारण तिथे कोणाच्या हातात हत्यार नाही. पण पाहा, ही कबुली कोणाच्या बाजूची साक्ष देते? मिल्सचे बळ रूपकात असते तर ज्या पुस्तकात रूपक सर्वांत ठळक आहे ते सर्वश्रेष्ठ ठरायला हवे होते. ते तुलनेने अशक्त ठरते.

शेवटचा एक आक्षेप मी स्वतःच पुढे करतो, कारण तो कोणी ना कोणी करणारच. ‘द फोरेन्सिक रेकॉर्ड्स सोसायटी’ (२०१७) मध्ये पबच्या मागच्या खोलीत काही जण तबकड्या ऐकायला जमतात. नियम असा की नुसते ऐकायचे. मतप्रदर्शन नाही, अर्थ लावणे नाही. या नियमातूनच दडपशाही उपजते, फुटीर मंडळे निघतात, माणसे दुरावतात. मग ‘कुंपणाला कुंपण म्हणा’ असे सांगणारा मीही त्याच नियमाचा पुरस्कर्ता नाही का? नाही. अर्थ लावायला माझी मनाई नाही. वर मी अर्थच लावत आलो आहे. मागणी एवढीच की अर्थाचा पुरावा पुस्तकातल्या कामातून, खांबांतून, खात्यातल्या बाकीतून द्यावा. रूपकवाद्यांना तो द्यायचा असेल तर सुरुवात टॉमी पार्करच्या फाटकापासून करावी. ते फाटक कशाचे चिन्ह आहे, आणि ते चिन्ह काढून घेतल्यावर कादंबरीतले कोणते पान निरर्थक होते, हे त्यांनी दाखवावे. दाखवता आले तर निकाल त्यांच्या बाजूने लावायला वाचक मोकळा आहे.